दमा, ॲलर्जी आणि मराठी कुटुंब : पंढरपूर परिसराच्या विशेष संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा

पंढरपूरच्या आरोग्याचा इतिहास आजवर प्रामुख्याने यात्रा आणि साथीचे रोग यांच्या अनुषंगाने लिहिला गेला. दमा व ॲलर्जी हे मात्र साथीचे रोग नव्हेत; ते घरात राहणारे रोग आहेत. प्रस्तुत शोधनिबंधात या रोगांचा इतिहास कुटुंबाच्या अंगाने तपासण्याचा प्रयत्न केला आहे. मराठी कुटुंबाने अन्नाचे 'वावडे' आणि 'पथ्य' पिढ्यानपिढ्या निष्ठेने पाळले. परंतु हवेचे वावडे पाळण्याची रीत मात्र त्याला घडविता आली नाही. औषधोपचारात विसाव्या शतकात मोठी प्रगती होऊनही तिचा लाभ रुग्णापर्यंत पूर्णपणे का पोहोचला नाही, याचे एक महत्त्वाचे उत्तर या विसंगतीत सापडते, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : दमा, वावडे, पथ्य, चूल, गाजरगवत, कुटुंब, पंढरपूर.

प्रस्तावना

भीमेच्या अर्धचंद्राकार वळणावर वसलेले पंढरपूर हे महाराष्ट्राचे सांस्कृतिक केंद्र होय. आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री या चार वाऱ्यांच्या निमित्ताने येथे लाखो भाविक एकत्र येतात. साहजिकच ब्रिटिश राजवटीत या नगराच्या आरोग्याचा विचार झाला तो पटकी आणि प्लेग यांच्या संदर्भात. गर्दी जमली की साथ पसरते, साथ पसरली की मृत्यूंची नोंद होते आणि नोंद झाली की इतिहासकाराला साधन उपलब्ध होते. १८९७ चा साथरोग कायदा हा याच दृष्टिकोनाचा परिपाक होता.

दम्याचे तसे नाही. दमा यात्रेत पसरत नाही आणि यात्रा संपली म्हणून जातही नाही. रात्री दोन वाजता घरातील एक माणूस अंथरुणात उठून बसतो, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून श्वास ओढू लागतो आणि त्याच्याबरोबर सारे घर जागे होते. या जागरणाची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. त्यामुळे हा रोग प्राचीन काळापासून ज्ञात असूनही सामाजिक इतिहासाच्या लेखनात उपेक्षित राहिला. ही उणीव लक्षात घेऊन पुढील विवेचनात शब्द, उपचारपरंपरा, घरातील हवा, शेतातील बदल आणि आधुनिक औषधे या पाच अंगांनी विषयाचा मागोवा घेतला आहे.

शब्दांचा इतिहास

संस्कृत वैद्यकात या रोगास 'श्वास' अशी संज्ञा आहे. मराठीत रूढ झालेला 'दमा' हा शब्द फारसीतून आला. 'दम' म्हणजे श्वास. युरोपीय भाषांतील 'अस्थमा' हा शब्द मूळ ग्रीक असून त्याचाही अर्थ धापा टाकणे असाच आहे. म्हणजे निरनिराळ्या संस्कृतींनी या रोगाला नाव दिले ते त्याच्या दिसणाऱ्या आणि ऐकू येणाऱ्या लक्षणावरून. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. मराठी बोलीतील 'दमा' या शब्दात आधुनिक वैद्यकाच्या दृष्टीने भिन्न असलेले दोन विकार सामावतात. एक, बहुधा बालपणी वा तारुण्यात सुरू होणारा, ॲलर्जीशी निगडित आणि कमी-अधिक होणारा दमा. दुसरा, धूर वा तंबाखूमुळे उतारवयात जडणारा व श्वासमार्ग कायमचा अरुंद करणारा विकार, ज्यास वैद्यकात 'सीओपीडी' म्हणतात. शाळेत जाणाऱ्या मुलाची 'धाप' आणि चाळीस वर्षे चुलीपुढे बसलेल्या आजीची 'धाप' घरात एकाच नावाने ओळखली गेली.

'ॲलर्जी' हा शब्द त्या मानाने अगदी अलीकडचा. व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी तो १९०६ मध्ये प्रथम वापरला. परंतु त्यामागील अनुभव मराठी माणसाला अपरिचित नव्हता. 'मला वांग्याचे वावडे आहे' या साध्या वाक्यात ॲलर्जीची लोकव्याख्याच दडलेली आहे. जे इतरांना सोसते ते एकालाच का सोसत नाही, या प्रश्नाला 'वावडे' या शब्दाने उत्तर दिले नाही. मात्र ती स्थिती खरी आहे हे त्याने मान्य केले. ज्याला वावडे आहे त्याच्या ताटात तो पदार्थ वाढावयाचा नाही, हा घरचा अलिखित नियम ठरला. तथापि हा शब्द खाण्यापिण्यापुरताच मर्यादित राहिला. 'धुराचे वावडे' किंवा 'धुळीचे वावडे' असा प्रयोग सहसा आढळत नाही. भाषेतील ही मर्यादा घराच्या व्यवहारातही उतरलेली दिसते.

'याप्य' रोग आणि पथ्याची परंपरा

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात उचकी व श्वास यांचा एकत्रित विचार केलेला असून श्वासाचे महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास असे पाच प्रकार सांगितले आहेत. यांपैकी तमकश्वासाचे वर्णन आजच्या दम्याशी विलक्षण जुळते. ढगाळ हवा, पाऊस, थंडी आणि पूर्वेकडील वारा यांनी तो वाढतो. रुग्णाला आडवे झाल्यास त्रास होतो व बसल्याने आराम पडतो, असे निरीक्षण त्यात आहे. श्वासाच्या कारणांत धूळ आणि धूर यांचा स्पष्ट उल्लेख आहे, ही बाब प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची होय.

याच परंपरेने तमकश्वासाला 'याप्य' म्हटले. नवा असेल तर तो बरा होऊ शकतो. एरवी योग्य आहार, विहार व औषध यांच्या आधाराने तो आटोक्यात ठेवावा लागतो. आधुनिक वैद्यक आज ज्याला 'दम्याचे नियंत्रण' म्हणते, त्याच्या अगदी जवळ जाणारी ही कल्पना आहे. अडुळसा, रिंगणी, भारंगी, पिंपळी या वनस्पती या उपचारपरंपरेत प्रमुख होत्या. त्यांपैकी अडुळशातील 'वासिसीन' या द्रव्याच्या अभ्यासातून पुढे 'ब्रोमहेक्सीन' हे कफ पातळ करणारे आधुनिक औषध तयार झाले.

ग्रंथातील हे ज्ञान घरात उतरताना मात्र त्याची वाटणी असमान झाली. केळी, दही, ताक, थंड पाणी वर्ज्य करण्याचे आहारपथ्य कुटुंबांनी उचलले आणि कसोशीने पाळले. धूळ व धूर टाळण्याचे विहारपथ्य मात्र मागे पडले. याचे कारण उघड आहे. आहारपथ्य रुग्णाने एकट्याने पाळावयाचे असते. विहारपथ्य साऱ्या घराने पाळावे लागते. एकाच्या ताटातून दही काढून घेणे सोपे, पण एकासाठी चुलीची जागा बदलणे अवघड. शिवाय एकादशीच्या दिवशी उपवासाची भांडी वेगळी ठेवणाऱ्या पंढरपुरातील घरांना शिस्त नवी नव्हती. प्रश्न शिस्तीचा नव्हता. ती कोणत्या गोष्टीसाठी लावावयाची याचा होता.

पंढरपूरचे घर आणि त्यातील हवा

पंढरपूरची अर्थव्यवस्था मोठ्या प्रमाणावर यात्रेकरूंवर अवलंबून आहे. कुंकू, बुक्का, अष्टगंध, अगरबत्ती, तुळशीच्या माळा यांचे उत्पादन व विक्री हा येथील अनेक कुटुंबांचा आधार होय. कोळशाच्या भुकटीत सुगंधी वनस्पतींचे चूर्ण मिसळून तयार होणारा काळा बुक्का विठ्ठलाच्या पूजेत आणि वारकऱ्याच्या भाळी असतो. अगरबत्ती वळण्याचे काम तर प्रामुख्याने स्त्रिया घरीच करीत आल्या. सोलापूर शहरातील विडी कामगार स्त्रियांप्रमाणेच येथेही कारखाना आणि घर यांत भिंत नव्हती. व्यवसायाची बारीक भुकटी ज्या खोलीत उडते त्याच खोलीत मूल झोपते, अशी ही रचना होती. ज्या कुटुंबात कोणाला दमा आहे तेथे उपजीविका आणि श्वास यांच्यात निवड करण्याची वेळ येते; आणि हातावर पोट असलेल्या घरात ती निवड बहुधा श्वासाच्या विरोधात जाते.

या जोडीला चुलीचा धूर होता. तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या आणि उसाचे पाचट हे या भागातील जळण. आंघोळीच्या पाण्याचा बंबही त्यावरच पेटे. चुलीच्या धुराशी सर्वाधिक संबंध आला तो घरातील सुनेचा आणि तिच्या कडेवरील मुलाचा. धूम्रपान न करणाऱ्यांतही श्वासमार्गाचा कायमचा विकार मोठ्या प्रमाणावर आढळतो व त्यात जळणाच्या धुराचा वाटा फार मोठा आहे, याकडे पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकातून जगाचे लक्ष वेधले. शासनाने १९८३ मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला होता. पुढे २०१६ मध्ये उज्ज्वला योजनेद्वारे गॅसजोडण्या देण्यात आल्या. तरीही भाकरीसाठी चूल आणि पाण्यासाठी बंब अनेक घरांत टिकून राहिले. गॅस आला म्हणजे धूर गेला असे समीकरण त्यामुळे मांडता येत नाही.

देवघरातील उदबत्ती, धूप व कापूर आणि रात्री लावली जाणारी डासांची अगरबत्ती यांचाही येथे विचार करावा लागतो. चिनी व मलेशियन बनावटीच्या डास अगरबत्त्यांवर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एका अगरबत्तीतून बाहेर पडणारे सूक्ष्म कण हे ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुरातील कणांइतके असल्याचे दिसून आले. दारे-खिडक्या बंद करून ती रात्रभर जाळणाऱ्या आई-वडिलांचा हेतू मुलाचे रक्षण करण्याचाच असतो, हे या प्रश्नाचे दुःखद वैशिष्ट्य आहे.

धार्मिक आचाराच्या संदर्भात हा प्रश्न अधिक नाजूक होतो. धूप थांबवा असे म्हणणे म्हणजे श्रद्धेला विरोध करणे, असा समज होऊ शकतो. परंतु वारकरी संप्रदायाच्या आचारधर्माचा गाभा नामस्मरण, तुळशीची माळ, एकादशी आणि वारी हा आहे. धूर हा त्याचा अनिवार्य घटक नाही. त्यामुळे बंद खोलीतील धूप अंगणातील तुळशीवृंदावनापाशी नेल्यास आचाराला बाध येत नाही. कुटुंबातील ज्येष्ठांनी हा बदल स्वतःहून केला, तर रुग्णाला तो मागावा लागत नाही. आणि मागावा न लागणे हे या आजारात औषधाइतकेच महत्त्वाचे असते.

शेतातून घरात : गाजरगवत आणि ऊस

ॲलर्जीचा इतिहास केवळ घराच्या चार भिंतींत संपत नाही. १९५० च्या दशकात पुणे येथे एका परकीय वनस्पतीची नोंद झाली. मूळची अमेरिका खंडातील ही वनस्पती पाहता पाहता रस्त्यांच्या कडेला, पडीक रानात आणि बांधांवर पसरली. गाजरासारख्या पानांमुळे लोकांनी तिला 'गाजरगवत' म्हटले. आयात गव्हाबरोबर ती आल्याचा समज दृढ असल्याने 'काँग्रेस गवत' हेही नाव रूढ झाले. तिच्या संपर्काने चेहरा, मान, पापण्या आणि कोपरांचे लवण येथे होणाऱ्या तीव्र त्वचादाहाचे पुण्यातील रुग्ण १९७४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तिच्या परागांमुळे नाकाची ॲलर्जी आणि दमा बळावतो, हेही पुढे स्पष्ट झाले.

सोलापूर जिल्ह्यातील शेतकऱ्याला या तणाचा परिचय हाताने उपटण्यातून झाला. ज्याला त्याचे वावडे जडले, त्याला रान वर्ज्य होण्याची वेळ आली. आणि ज्याचे पोट रानावर आहे त्याला रान वर्ज्य करता येत नाही. अंगावरच्या कपड्यांतून पराग घरात येत असल्याने शेतावर न जाणारी माणसेही त्यातून सुटली नाहीत. या तणाचा बंदोबस्त करण्यासाठी १९८३ मध्ये मेक्सिकोहून 'झायगोग्रामा' जातीचे भुंगेरे भारतात आणण्यात आले. पडीक जागी तरवट्यासारख्या स्थानिक वनस्पती वाढविल्यास गाजरगवताला आळा बसतो, असेही आढळून आले.

याच काळात या परिसराची पीकरचनाही बदलली. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणामुळे भीमाकाठ ऊसपट्टा बनला. ज्वारीच्या मळणी-उफणणीची हंगामी धूळ पूर्वीपासून होतीच. तिच्यात आता गळीत हंगामातील पाचट जाळण्याच्या धुराची भर पडली. हा धूर हिवाळ्यातील थंड, स्थिर हवेत साचतो, आणि थंडी हे दम्याचे मुळातच एक निमित्त असते. पाचट जाळण्यावाचून गत्यंतर नाही असे मात्र नव्हे. पुण्याच्या ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट अर्थात 'आरती' या संस्थेने पाचटापासून कोळसा तयार करण्याची पद्धत विकसित केली व तिला २००२ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला. रानात पाचटाचे आच्छादन करण्याची पद्धतही शेतकऱ्यांना परिचित आहे. हवेचे पथ्य एका घराने पाळून भागत नाही, ते शिवाराने पाळावे लागते, हे यातून सूचित होते.

मृगाचे औषध : बरे होण्याची आस

'याप्य' ही संकल्पना शास्त्राने मांडली खरी. परंतु मुलाचा रोग जन्मभर सांभाळावयाचा आहे, हे आई-वडिलांच्या मनाला सहजासहजी पटत नाही. मुळासकट उच्चाटनाची आस त्यांना दूरदूर घेऊन जाते. कोजागिरीच्या रात्री चांदण्यात ठेवलेल्या दुधातून वा खिरीतून दम्याचे औषध देण्याची प्रथा महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आहे. हैदराबाद येथील बत्तिनी गौड कुटुंब मृग नक्षत्राच्या प्रारंभी, जूनमध्ये, जिवंत लहान माशाच्या तोंडात औषधी लेप घालून तो रुग्णाला गिळावयास देते. ही परंपरा १८४५ पासूनची असल्याचे हे कुटुंब सांगते. औषध विनामूल्य दिले जाते, त्याची कृती गुप्त ठेवली जाते आणि सलग तीन वर्षे ते घ्यावे असा संकेत आहे. महाराष्ट्रातूनही रुग्ण तेथे जातात. शाकाहारी व्यक्तींसाठी हेच औषध गुळातून देण्याची सोय आहे, त्यामुळे माळकऱ्यालाही तेथे अडचण येत नाही.

या औषधाने दमा बरा होतो असे वैज्ञानिक कसोटीवर सिद्ध झालेले नाही. तरीही अशा उपचारांकडे केवळ अंधश्रद्धा म्हणून पाहणे अपुरे ठरेल. त्या प्रवासात सारे कुटुंब रुग्णाबरोबर असते. त्याचा आजार चारचौघांत उघडपणे मान्य केला जातो. धोका आहे तो वेगळाच. 'आता औषध घेतले' या समाधानात रोजचे उपचार बंद होतात आणि पुढील झटका बेसावध कुटुंबाला गाठतो.

फवाऱ्याचे औषध आणि घराची मान्यता

श्वासातून औषध देण्याची कल्पना भारताला नवी नव्हती. चरकाने धूमपान सांगितले होते. १८०२ च्या सुमारास जनरल जेंट या अधिकाऱ्याने मद्रासेतील धोतऱ्याच्या धूम्रपानाची पद्धत ब्रिटनमध्ये नेली आणि एकोणिसाव्या शतकात दम्याच्या सिगारेटी युरोपात सर्रास विकल्या गेल्या. आधुनिक इनहेलरचा जन्म मात्र एका कुटुंबातील प्रश्नातून झाला. अमेरिकेतील रायकर लॅबोरेटरीजचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या दमेकरी, तेरा वर्षांच्या मुलीने १९५५ मध्ये वडिलांना विचारले की, केसांवरच्या फवाऱ्याप्रमाणे माझे औषध का मिळू नये? पुढच्याच वर्षी ठराविक मात्रा देणारा इनहेलर बाजारात आला. १९६९ मध्ये सालब्युटामॉल आणि १९७२ मध्ये श्वासावाटे घ्यावयाचे बेक्लोमेथासोन उपलब्ध झाले. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या सिप्ला कंपनीने ही उपचारपद्धती भारतात रुजविण्यास प्रारंभ केला.

बोलीत 'पंप' म्हणून ओळखले जाणारे हे साधन स्वीकारताना कुटुंबे अडखळली. 'त्याची सवय लागते', 'तो शेवटचा उपाय आहे' हे समज घट्ट होते. वस्तुतः सालब्युटामॉलच्या ४ मिलिग्रॅमच्या एका गोळीत जेवढे औषध असते, तेवढ्यात १०० मायक्रोग्रॅमचे ४० फवारे होतात. औषध थेट श्वासमार्गात जात असल्याने मात्रा अल्प पुरते. तरीही गोळी निर्धोक आणि पंप भयंकर, अशी धारणा टिकून राहिली. मुलीच्या बाबतीत ही भीती अधिक तीव्र. विवाह जुळविताना तिचा दमा लपविला जातो आणि सासरी गेल्यावर पंप पदराआड जातो. चुलीच्या आणि धुपाच्या धुराचा त्रास होतो हे सांगण्याचा अधिकार जिला नाही, तिचे औषधही चोरून घ्यावयाचे असते.

या संकोचाची किंमत मोठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात २६ कोटी २० लाख लोकांना दमा होता आणि त्यामुळे ४ लाख ५५ हजार मृत्यू झाले. त्याच वर्षाच्या जागतिक रोगभार अभ्यासानुसार जगातील दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात होते. मात्र दम्याच्या एकूण मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक भारतात झाले. श्वासमार्गाची सूज कमी करणारे नियमित औषध न घेता केवळ तात्पुरता आराम देणाऱ्या औषधावर विसंबणे, हे यामागील एक प्रमुख कारण मानले जाते. 'जिना' या जागतिक मार्गदर्शक संस्थेने २०१९ पासून केवळ अशा तात्पुरत्या औषधावर भिस्त ठेवू नये, अशी शिफारस केली आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. यात्राकेंद्रित आरोग्य-इतिहासात साथीच्या रोगांना स्थान मिळाले; घरात राहणारा श्वासरोग मात्र नोंदीअभावी अदृश्य राहिला.

२. धूळ व धूर ही श्वासरोगाची कारणे भारतीय वैद्यकपरंपरेस ज्ञात होती. तथापि कुटुंबाने रुग्णापुरते आहारपथ्य स्वीकारले आणि साऱ्या घरावर येणारे विहारपथ्य दुर्लक्षिले.

३. पंढरपूर परिसरात घरगुती व्यवसाय, जळण, गाजरगवत आणि ऊसशेती यांमुळे हवेचे वावडे हे एका व्यक्तीचे नव्हे, तर कुटुंबाचे व शिवाराचे प्रश्न बनले आहे.

४. परिणामकारक औषध उपलब्ध होऊनही त्याचा वापर घरातील मान्यतेवर, विशेषतः स्त्रीला आपला त्रास बोलून दाखविण्याची किती मुभा आहे यावर, अवलंबून राहिला.

मराठी घराने एका सदस्याच्या वावड्यासाठी ताट बदलण्याचा समंजसपणा पूर्वीच दाखविला आहे. तोच समंजसपणा हवेच्या बाबतीत दाखविण्यासाठी नवी मूल्ये बाहेरून आणण्याची आवश्यकता नाही. पंप फडताळात न लपविता घड्याळाशेजारच्या कोनाड्यात ठेवणे, रात्रीच्या धुराऐवजी मच्छरदाणी लावणे आणि 'मला हा धूर सोसत नाही' हे सुनेचे वाक्य तक्रार म्हणून नव्हे, तर माहिती म्हणून ऐकणे, एवढ्यापासून त्याची सुरुवात होऊ शकते.